घंटीतली बंदूक, दुधी भोपळा आणि काउंटरवरची बाई

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारच्या अंकात मुलुंडच्या एका अभियंता वाचकाचं पत्र आपण छापलंत. दूरदर्शनच्या जुन्या ‘ब्योमकेश बक्शी’ या डिटेक्टिव्ह मालिकेतला ‘रास्ते का काँटा’ हा भाग त्यांनी परत पाहिला आणि त्यांना म्हणे हसू आवरेना. सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन उडवायची आणि भर रस्त्यात माणूस आडवा करायचा, हे शास्त्राला धरून नाही. एवढी हलकी पिन, एवढीशी स्प्रिंग, छातीचा पिंजरा, वगैरे वगैरे. शेवटी ‘असल्या भाबड्या गोष्टींवर आपली पिढी कशी भाळली’ असा प्रश्नही त्यांनी विचारलाय.

साहेब, मी भाळलो होतो. आणि मला या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे. दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागच्या अंगाला वडिलांनी टाकलेलं सायकलचं दुकान मी ४१ वर्षं चालवलं. दुकान म्हणजे काय, आठ बाय सहाचा गाळा आणि पुढचा फुटपाथ. पंक्चर, रिमचा आउट काढणं, छर्रे बदलणं, तासावर भाड्याच्या सायकली. त्या काळात मी किती घंट्या उघडल्या नि बसवल्या त्याचा हिशेब नाही. तेव्हा या पत्राला उत्तर द्यायचं तर ते माझ्याकडूनच जायला हवं, असं आमच्या हिचं मत पडलं. पत्र थोडं लांबेल. ही शेजारी बसून शब्द मोजतेय. ती का मोजतेय, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट, अभियंता साहेबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तशी बंदूक होत नाही. हे मी कागदावर गणित मांडून सांगत नाहीये. मी ती करून पाहिलीय.

मालिका पहिल्यांदा लागली ती १९९३ साली. बासू चॅटर्जींनी केलेली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा दोस्त अजित, आणि पुढे त्याची बायको सत्यवतीच्या कामात आपली सुकन्या कुलकर्णी. आमच्या चाळीत तोवर बऱ्याच घरी टीव्ही आले होते, तरी आमच्याकडे शेजारची चार माणसं हमखास यायची, कारण आमचा ॲन्टेना गच्चीवर सगळ्यात उंच होता. सायकलच्या दोन जुन्या फ्रेमचे दांडे जोडून मीच तो उभा केला होता. ‘रास्ते का काँटा’ हा दुसराच भाग. कलकत्त्यात रस्ता ओलांडता ओलांडता माणसं कोसळतायत, छातीत ग्रामोफोनची पिन सापडतेय, बंदुकीचा आवाज कोणी ऐकलेला नाही, जवळपास कोणी माणूस पाहिलेला नाही. एक जण वाचतो तो केवळ पिन त्याच्या खिशातल्या घड्याळात घुसली म्हणून. मी तेव्हा खाटेवर पाय पसरून सगळ्यांना सांगत होतो, गच्चीवरून मारतायत, फुंकणीने. आदिवासी लोक मारतात तसं. शेजारचे मास्तर मान डोलवत होते.

ही स्वयंपाकघराच्या दाराशी शेंगा सोलत बसलेली. मान वर न करता म्हणाली, “फुंकणी नाही. आवाज झालाच असणार. तो कशात तरी लपतोय. रस्त्यावर सारखं काय वाजत असतं?”

मी म्हटलं, “हॉर्न.”

“मोटारीतून असा नेम कोण धरेल? तुमच्या धंद्यातलाच कोणीतरी आहे.”

मला राग आला हे कबूल करतो. म्हटलं, सायकलवाला असली कामं करणार नाही. पैज लागली. हरलो तर तिला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शटर लवकर ओढून मी शिवाजी पार्कला गेलो आणि पैसे मोजले. तिने दोन वडे खाल्ले. (ती म्हणते, दीड. अर्धा तुम्हीच उचललात.)

पण डोक्यातून ती घंटी जाईना. पैज हरल्याचं दुःख नव्हतं. घंटीच्या आत काय असतं हे मला त्या ब्योमकेशपेक्षा जास्त ठाऊक, आणि तरी ते मला सुचू नये!

ज्यांनी कधी घंटी उघडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरची वाटी फिरवून काढली की मधे एक खुंटी दिसते. खुंटीवर लहानसं दातेरी चाक, त्याला लागून अंगठ्याच्या खटक्याची दातेरी कमान. चाकावर पत्र्याची आडवी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन सैल चकत्या. खटका दाबला की पट्टी गरगर फिरते, चकत्या बाहेर फेकल्या जाऊन वाटीच्या कडेला आपटतात, आणि आपल्याला ऐकू येतं ते ट्रिंग ट्रिंग. खटका जागेवर आणायला एक स्प्रिंग असते, ती इतकी मऊ की पावसाळ्यात गंजून आपोआप तुटते. बाकी जागा म्हणाल तर वाटीचा व्यास दोन-सव्वादोन इंच आणि खोली इंचभर. त्यात पिस्तूल बसवायचं म्हणजे आमच्या चाळीच्या मोरीत म्हैस बांधण्यापैकी आहे.

तरी बसवलं. त्या महिन्यातल्या एका रविवारी चोर बाजारात जाऊन ग्रामोफोनच्या पिनांची डबी आणली. पत्र्याची, झाकणावर भोंग्यापुढे बसलेला तो कुत्रा. पूर्वी अशा डबीत २०० पिना यायच्या. माझ्या डबीत दीडशेच्या आसपास निघाल्या. पिन कशी, तर अर्ध्या इंचाहून जराशी लांब, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला बोथट. पोलादी. पूर्वीचे लोक तबकडीची एक बाजू वाजवली की पिन फेकून द्यायचे, म्हणजे कलकत्त्यात काय नि मुंबईत काय, घराघरातल्या केरात असल्या पिना असणार. खुनाचं हत्यार निवडावं तर असं. कुठून आणलं म्हणून कोणी विचारणार नाही.

स्प्रिंगचा प्रश्न मोठा. आधी बॉलपेनची घेतली. पिन माझ्याच पायावर पडली. मग ब्रेकची स्प्रिंग. ती वाटीत मावेना. शेवटी मुलाच्या खेळण्यातल्या पिस्तुलाची काढली. मुलगा दोन दिवस रडला, आज तो ठाण्याला राहतो आणि अजून ते काढून दाखवतो. घंटीच्या आतलं सगळं सामान उपसून मी तिथे छत्रीच्या काडीचा दीड इंची तुकडा नळीसारखा बसवला, वाटीच्या कडेला भोक पाडलं, खटक्याला खाच केली. आणि नेम कशावर धरायचा? दुकानातला पोरगा ताबडतोब दोन पावलं मागे सरकला. मग भाजीवालीकडून चांगला जाडजूड दुधी आणला, त्याला माझा जुना गंजीफ्रॉक घातला आणि दोरीने स्टुलावर बांधला.

उंचीही मोजली होती. २२ इंची सायकलच्या हँडलवर घंटी जमिनीपासून साधारण ४० इंचांवर येते. साडेपाच फुटी माणसाचं काळीज ४८ ते ५० इंचांवर. म्हणजे नेम वरच्या दिशेने हवा, तोही चालत्या सायकलवरून, कलकत्त्याच्या ट्रामच्या रुळांवर चाक घसरू न देता. ही अडचण अभियंता साहेबांच्या पत्रात आलेली नाही, त्यांनी ती जमेस धरावी.

निकाल असा. एक वीत अंतरावरून पिन गंजीफ्रॉकमधून दुधीत अर्धी घुसली. पोरगा टाळ्या वाजवायला लागला. एका हातावरून ती नुसती टोचली आणि कापडात लोंबत राहिली. तीन हातांवरून मारली तर आडवी आपटून खाली पडली. कारण साधं आहे. बाणाला शेपटीशी पिसं असतात, पिनेला काही नाही, त्यामुळे ती नळीबाहेर पडली की हवेत कोलांट्या खाते. टोक पुढे राहीलच याची खात्री नाही. शिवाय एवढ्या हलक्या वस्तूला वेग तरी किती द्यावा लागेल! दुधीला बरगड्या नाहीत. माणसाला आहेत.

आणि सगळ्यात मोठी गोची मला बंदूक तयार झाल्यावर कळली. घंटी मुकी झाली होती! आतलं सामान काढल्याशिवाय नळी बसत नाही, आणि सामान काढलं की ट्रिंग होत नाही. खुन्याला तर दोन्ही हवं. स्प्रिंगचा खटका ज्या क्षणी सुटतो त्याच क्षणी घंटी वाजली पाहिजे, तरच आवाज झाकला जाणार. मी पुढे कित्येक दिवस यावर विचार केला. अर्ध्या दाबाला घंटी आणि पुऱ्या दाबाला चाप, असं एक चित्र पंक्चरच्या वहीच्या मागच्या पानावर काढलं होतं. ती वही २६ जुलै २००५ च्या पुरात गेली. गाळ्यात कमरेएवढं पाणी होतं.

त्या दुधीची भाजी हिने केली नाही. मी मोजून सांगितलं की सगळ्या पिना परत मिळाल्यात, पण पोरगा म्हणाला एक कमी भरतेय. दुधी गेला कचऱ्यात, आणि हिने मला ऐकवलं, “खून दुधीचा, फाशी माझ्या पैशांना.”

आता हिच्या बाजूला येतो, कारण अभियंता साहेबांना त्या भागातलं खरं भोक दिसलंच नाही. ते हिला तेव्हाच दिसलं होतं.

ही २६ वर्षं दादरला एका जाहिरात एजन्सीच्या काउंटरवर छोट्या जाहिराती घ्यायची. वधू पाहिजे, जागा भाड्याने देणे, नावात बदल, हरवले आहेत, शोकसंदेश. शब्द मोजायचे, दर लावायचा, कार्बन घालून पावती फाडायची. (शब्द का मोजतेय ते आता कळलं असेल.) ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना आठवेल, सगळं प्रकरण एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपासून फिरायला लागतं. ब्योमकेश बातम्या बाजूला ठेवून जाहिराती वाचणारा माणूस, आणि त्याच्या नजरेस एक चमत्कारिक जाहिरात पडते. कोणाच्या वाटेत काटा असेल तर त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाचला अमुक दुकानाच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. मूळ बंगाली कथेत ते दुकान म्हणजे व्हाइटअवे लेडलॉ, आणि कोपरा नैऋत्येचा. आपल्याकडे डी. एन. रोडवरच्या खादी भांडाराच्या इमारतीत पूर्वी याच कंपनीचं दुकान होतं. मी फोर्टात सायकलचे सुटे भाग आणायला जायचो तेव्हा मुद्दाम तिथल्या कोपऱ्यावर जाऊन यायचो. खांबाला हात मात्र कधी लावला नाही.

तर ही म्हणाली, “जाहिरात छापून आली म्हणजे कोणीतरी ती आणून दिली. पैसे भरले. पावती घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग त्या काउंटरवरच्या माणसाला जाऊन कोणी विचारलं का, की हा कोण येतो?”

मी म्हटलं, टपालाने पाठवली असेल.

“टपालाने पाठवली तर मनिऑर्डर आली असेल. मनिऑर्डरला पाठवणाऱ्याचं नाव लागतं. खोटं नाव लिहिलं तरी पोस्टाचा शिक्का लागतो. कुठलं पोस्ट ते कळतं.” आणि मग तिचा हुकमी मुद्दा: “अशी जाहिरात मी घेतली असती ना, तर तो चेहरा दहा वर्षं विसरले नसते. आमच्याकडे मांजर हरवल्याची जाहिरात देणारा मला अजून आठवतो.”

जाहिरातीवरूनही तिने माणूस ओळखायचा प्रयत्न केला होता. म्हणते, छोटी जाहिरात देणारा शब्द वाचवतो. ‘सुस्वरूप’ लिहू की ‘गोरी’ लिहू यावर घरचे पाच मिनिटं भांडतात. आणि इथे हा माणूस दुकानाचं नाव लिहितो, दिशा लिहितो, कोपरा लिहितो, खांबाला हात लावायला सांगतो. याला शब्दांची फिकीर नाही. म्हणजे धंदा जोरात आहे आणि खर्च दुसऱ्याच्या खिशातून वसूल होतोय. १९९३ साली हे ऐकून शेजारचे मास्तर म्हणाले, वहिनी, तुम्ही लालबाजारला जा. लालबाजार म्हणजे कलकत्त्याचं पोलीस मुख्यालय, हेही त्यांनी लगेच सगळ्यांना समजावून सांगितलं, मास्तरच ते.

काउंटरवरची ती बाई किंवा तो बाबा त्या भागात पडद्यावर येतच नाही. हिला एवढंच खटकतं. बंदुकीशी तिचं काही भांडण नाही.

आणि गंमत अशी की मला जे खटकायला हवं होतं ते मला आवडलं. गर्दीच्या रस्त्यात पोलीस, साक्षीदार, वाचलेला माणूस, सगळ्यांना विचारलं तर उत्तर एकच, जवळ कोणीच नव्हतं. आता कलकत्त्याच्या रस्त्यावर कोणीच नव्हतं, हे कसं शक्य आहे? सायकलवाले पन्नास गेले असतील. पण ‘कोणी’ म्हटलं की त्यात सायकलवाला धरत नाहीत. हे मला दुकानाच्या फुटपाथवर बसून पक्कं ठाऊक होतं. मालिकेनंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या समोरच्या इमारतीत भर दुपारी चोरी झाली. पोलीस आले. वॉचमनला विचारलं, तळमजल्याच्या शिंप्याला विचारलं, वरच्या काकूंना विचारलं. कोणी आलं होतं का? कोणी नाही. मी फाटकापासून १२ फुटांवर सकाळी आठपासून बसलेलो. शेवटी राहवेना म्हणून उठून गेलो, म्हटलं साहेब, मला विचारा. हवालदार म्हणाले, “हो, बरं झालं आलात. मागच्या चाकात हवा भरा.” हवा भरता भरता मी सांगितलं, की शेगडी दुरुस्तीवाला एक पिशवी घेऊन आत गेला आणि दोन घेऊन बाहेर पडला. त्यांनी ऐकून घेतलं. हवेचे पैसे दिले. चोर काही सापडला नाही. साहेब, मला त्या दिवशी बंदुकीच्या शास्त्राचं काही वाटेनासं झालं.

हा बंगाली डिटेक्टिव्ह मी इतका मनावर का घेतला, त्याला आणखी एक कारण आहे. शिवाजी पार्कच्या बेंगॉल क्लबजवळ राहणारे एक बंगालीबाबू माझ्याकडे सायकल टाकायचे. मालिका चालू असताना ते दर आठवड्याला येऊन माझी परीक्षा घ्यायचे. त्यांच्याकडून कळलं की ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय हे आपले मुंबईकरच. १९३८ साली ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी सिनेमाच्या कथा लिहायला इथे आले आणि १९५२ मध्ये पुण्याला जाऊन स्थायिक झाले. मधे ब्योमकेशच्या कथा १५ वर्षं थांबल्या, त्यातली बहुतेक वर्षं इथली. मुंबईने भल्याभल्यांना कामाला लावून गप्प बसवलंय, त्यात हा एक. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या एका मराठी पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगालीत लिहिल्यात. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं.

मालिका करणारे बासू चॅटर्जी, आपले बासुदा, तेही मुंबईचेच म्हणायचे. सिनेमात यायच्या आधी कित्येक वर्षं ते ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत होते. प्रिया तेंडुलकरची ‘रजनी’ मालिका त्यांचीच. व्यंगचित्रकाराला चार रेघांत माणूस उभा करावा लागतो, म्हणूनच की काय ब्योमकेश पडद्यावर कधी आरडाओरडा करत नाही, कपाळावर आठी घालून आरशात बघत नाही. चहा पितो, पेपर वाचतो, अजितला जरा डिवचतो आणि तासाभरात खुनी हजर. हल्ली आमच्या घरात जी रहस्यमालिका चालू असते तिच्यात खुनी सापडायला सात महिने लागले, मधे दोन लग्नं आणि एक मंगळागौर झाली. असो, ती मालिका ही बघते, तेव्हा मी जास्त बोलत नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘ब्योमकेश बक्शी’ परत दाखवली. रस्ता ओस पडलेला, दुकान मी आधीच बंद केलेलं, आणि टीव्हीतून सायकलची घंटी ऐकू आली की मी खिडकीकडे बघायचो. त्याच वर्षी ४ जूनला बासुदा गेले.

आता माझी खरी तक्रार. ती अभियंता साहेबांविरुद्ध आहे, थोडी आपल्याविरुद्ध आहे, आणि बरीचशी माझ्याविरुद्ध.

आमची नात १३ वर्षांची आहे. ठाण्याहून दर शनिवारी येते. तिला एकदम सगळे भाग बघायची सवय, पण मी अट घातली होती की आठवड्याला एकच. पहिला भाग झाला, तिला आवडला. दुसरा येत्या शनिवारी. पण त्या आठवड्यात कसलीशी सुट्टी होती म्हणून ती बुधवारीच मुक्कामाला आली. गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी मी नेहमीसारखा वाचकांची पत्रं मोठ्याने वाचायला लागलो. हिला चष्मा लावून पेपर वाचायचा कंटाळा, म्हणून मी वाचतो. ‘सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन’ इथपर्यंत आलो आणि ही खाकरली. मी पुढे वाचतच गेलो. ही परत खाकरली. नात म्हणाली, “आजोबा, हा आपला शनिवारचा भाग ना?”

३० वर्षांहून जुनी गोष्ट असली तरी कोणासाठी तरी ती येत्या शनिवारची असते. अभियंता साहेबांनी पहिल्या दोन ओळींतच घंटी फोडली. आपणही शीर्षकात ‘घंटीची बंदूक’ असं ठळक छापलंत. निदान ‘ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पुढचं वाचू नये’ एवढी ओळ वर टाकली असती तर पाच-सहा शब्द गेले असते. हिला विचारा, ती दर सांगेल. मीही या पत्रात तेच करतोय हे मला कळतंय, पण आता फुटलेली घंटी आणखी काय फुटणार! खुनी कोण, ते मात्र मी कुठेही लिहिलेलं नाही. तपासून पाहा.

शनिवारी आम्ही तो भाग तरीही लावला. मला वाटलं होतं पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल. ती शेवटपर्यंत बसली, आणि मधेच थांबवून जे विचारलं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. “आजोबा, पण ग्रामोफोनची पिन म्हणजे काय?”

बरोबरच आहे. १९३२ साली कथा लिहिली तेव्हा ती पिन घरोघरी होती, आणि गूढ होतं ते कोणी मारली याचं. आता घंटी फुटली तरी पिन शाबूत! मी उठलो, माळ्यावरच्या ट्रंकेतून ती कुत्र्याची डबी काढली. पुरात ती वाचली, कारण ट्रंक घरी होती. गंजलेलं झाकण पक्कडीने उघडलं. नातीने एक पिन तळहातावर घेतली, टोक बोटाला लावून पाहिलं आणि म्हणाली, “हे लागणारच नाही. फिरेल हवेत.” ना दुधी, ना स्प्रिंग, ना गंजीफ्रॉक. मी आजीकडे पाहिलं. आजी शेंगा सोलत होती.

मग तिला सगळी हकिगत सांगावी लागली, दुधीसकट. परिणाम असा, की येत्या शनिवारी आमच्या गॅलरीत तो प्रयोग पुन्हा होणार आहे. घंटी मी मिळवलीय, जुन्या पद्धतीची, पितळी वाटीची. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या घंट्यांत नुसती एक पट्टी आपटते, त्यात काही बसत नाही. नातीचं म्हणणं आहे की पिनेच्या बोथट टोकाला कागदाची शेपटी चिकटवावी. माझ्या डोक्यात हे १९९३ साली यायला हवं होतं. अर्ध्या दाबाची घंटी आणि पुऱ्या दाबाचा चाप यावरही ती कागदावर काहीतरी काढतेय, मला बघू देत नाही.

मुलुंडच्या अभियंता साहेबांना आपल्यामार्फत आमंत्रण. दादर स्टेशनवर पश्चिमेला उतरावं. संध्याकाळी साडेपाचची वेळ ठेवलीय, ते त्यांच्या लक्षात येईलच. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवतोय, तिथल्या काउंटरवरच्या बाईंना विचारावा. येताना एक मध्यम आकाराचा दुधी आणावा, कोवळा नको. ही म्हणते, या खेपेला पिना मोजून घ्यायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तिच्यासमोर, आणि भरल्या नाहीत तर रात्री सगळ्यांनी पिठलं खायचं.

शब्द मोजून झाले. ती म्हणते जाहिरात म्हणून दिलं असतं तर परवडलं नसतं. काटछाट करायची तर बंगालीबाबूंचा भाग कापा, दुधीचा कापू नका.

आपला नम्र,
एक निवृत्त सायकल दुरुस्तीवाला,
दादर (पश्चिम), मुंबई